स्थानकावरील फुलझाडे आणि मे महिन्याचे पाणी

नाशिक शहरातील अशोकस्तंभापासून पश्चिमेस निघणारा गंगापूर रस्ता आनंदवल्ली व सोमेश्वर यांवरून गंगापूर गावाकडे आणि पुढे धरणाकडे जातो. या रस्त्यावर महाविद्यालये आहेत, मंदिरे आहेत, रोपवाटिका आहेत, पुढे द्राक्षांचे मळे आहेत. नाही ते केवळ रेल्वेस्थानक. शहराचे स्थानक नाशिकरोड येथे, जुन्या गावठाणापासून सुमारे नऊ किलोमीटरवर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गाव आणि स्थानक यांना जोडण्यासाठी घोड्यांची ट्रामगाडी सुरू झाली आणि १९३० नंतरच्या काही वर्षांतच ती बंद पडली, हे आज वृद्धांनाही ऐकूनच ठाऊक असते. गंगापूर रस्त्यावरील शाळेत शिकणाऱ्या बालकास स्थानकाचे चित्र काढावयास सांगितले, तर ते इंजिन काढते, डबे काढते, रूळ काढते. परंतु फलाटावर झाड काढणारे बालक विरळाच. ही उणीव बालकाच्या कल्पनाशक्तीची नव्हे. त्याने पाहिलेल्या फलाटावर झाडच नसते, किंवा असलेच तर ते लोखंडी पिंजऱ्यात वाळून गेलेले असते.

स्वयंसेवकांनी एखाद्या स्थानकावर कुंड्या मांडाव्यात, वेली चढवाव्यात, भिंती रंगवाव्यात आणि त्या जागेचे रूप पालटावे, अशी वार्ता अधूनमधून वृत्तपत्रांत येते. शिक्षकांच्या दृष्टीने ही वार्ता दोन कारणांनी विचारात घेण्याजोगी आहे. एक असे की, इगतपुरीपासून मनमाडपर्यंतच्या लोहमार्गावर घोटी, अस्वली, लहवीत, ओढा, खेरवाडी, कसबे सुकेणे, निफाड, उगाव, लासलगाव अशी लहानमोठी स्थानके आहेत आणि त्यांच्या हाकेच्या अंतरावर प्राथमिक शाळा आहेत. दुसरे असे की, अशा उपक्रमात सर्वप्रथम पाचारण होते ते शाळेतील मुलांना. रोपे आणली जातात, पाहुणे येतात, छायाचित्र निघते. त्यानंतर त्या रोपांचे काय होते, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. प्रस्तुत लेखाचा विषय मुख्यत्वेकरून हा नंतरचा काळ होय.

मुंबई ते ठाणे ही पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली आणि थळ घाट ओलांडून लोहमार्ग १८६५ मध्ये इगतपुरीशी जोडला गेला. स्थानकावर बाग राखण्याची रीत ज्या देशातून आगगाडी आली त्याच देशात वाढली. इंग्लंडमधील रेल्वे कंपन्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून उत्तम बाग राखणाऱ्या स्थानकांस बक्षिसे देत. त्या काळच्या लहान स्थानकावर स्टेशनमास्तर, हमाल व सिग्नलवाला असे कायमचे मनुष्यबळ असे. दोन गाड्यांमध्ये बराच मोकळा वेळ मिळे आणि त्या वेळात वाफे खुरपले जात. दुसऱ्या महायुद्धात याच वाफ्यांत फुलांऐवजी भाजीपाला लावण्यात आला. पुढे १९६३ मध्ये डॉ. बीचिंग यांचा अहवाल प्रसिद्ध झाला, अनेक लहान स्थानके बंद पडली, उरलेल्या कित्येकांवरील नोकरवर्ग काढून घेण्यात आला आणि त्याबरोबर बागाही गेल्या. माणूस हलला की बाग हलते, हे त्या देशाने असे अनुभवले. त्यानंतर गावकऱ्यांनी स्थानक ‘दत्तक’ घेण्याची प्रथा तेथे रूढ झाली. आज ब्रिटनमध्ये अशी हजाराहून अधिक मंडळे काम करतात. त्यांतील सभासद बहुधा सेवानिवृत्त असतात. आठवड्यातील एक वार ठरलेला असतो, त्या दिवशी खुरपणी व पाणी होते आणि मग चहा होतो. त्यात भव्य असे काही नाही, आणि म्हणूनच ते टिकले आहे.

आपल्याकडे या दशकात आणि मागील दशकात जे प्रयत्न झाले त्यांत रंगाचा वाटा मोठा व मातीचा वाटा लहान आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये मुंबईच्या उपनगरी मार्गांवरील छत्तीस स्थानके स्वयंसेवकांनी रंगविली. बिहारमधील मधुबनी स्थानकाच्या भिंती तेथील चित्रकारांनी २०१७ मध्ये श्रमदानाने मिथिला शैलीत चितारल्या. रेल्वे मंत्रालयाने २०१८ मध्ये सुशोभित स्थानकांना जी बक्षिसे दिली त्यांत पहिले बक्षीस चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारशाह व चंद्रपूर या दोन स्थानकांस मिळाले. तेथे ताडोबाच्या अरण्यातील वाघ व अन्य वन्यजीव भिंतींवर अवतरले आहेत. चित्रास रोज पाणी घालावे लागत नाही. एकदा काढलेला वाघ चार-पाच वर्षे तरी टिकतो. कुंडीतील सदाफुली मात्र चैत्रात आठ दिवस दुर्लक्षिली तर मान टाकते. स्वयंसेवी संस्थांचा ओढा रंगाकडे अधिक का, याचे उत्तर बहुधा यातच आहे.

खुद्द नाशिकरोड स्थानकावर २०२२ च्या अखेरीस ‘ऑक्सिजन पार्लर’ या नावाने रोपांचे एक दालन उघडण्यात आले. तेथे सुमारे दीड हजार रोपे मांडण्यात आली व प्रवाशांना ती विकत घेण्याचीही सोय होती. हा उपक्रम स्वयंसेवकांचा नव्हता. भाड्याखेरीज अन्य मार्गांनी उत्पन्न मिळविण्याच्या रेल्वेच्या धोरणातून तो आला. तथापि त्याच्या नावामुळे एक समजूत सर्वत्र पसरली आणि शाळांतील भित्तिपत्रकांवरही ती आढळते, म्हणून तिचा येथे थोडा सविस्तर विचार करणे अगत्याचे आहे. समजूत अशी की, कुंडीतील रोपे स्थानकावरील हवा शुद्ध करतात व प्रवाशांना प्राणवायू पुरवितात.

या समजुतीचे मूळ अमेरिकेच्या ‘नासा’ या संस्थेने १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात आहे. अंतराळयानासारख्या बंदिस्त जागेतील हवा वनस्पतींच्या साहाय्याने शुद्ध करता येईल काय, हे त्यात पाहण्यात आले. काचेच्या पेटीसारख्या पूर्ण बंद कोठडीत रोप ठेवून बेंझीन, फॉर्मल्डिहाइड आदी वायूंचे प्रमाण किती घटते ते मोजले गेले आणि ते घटले, हेही खरे. परंतु बंद पेटी म्हणजे फलाट नव्हे. अशा अनेक प्रयोगांचे फेरपरीक्षण २०१९ मध्ये अमेरिकेतील दोन संशोधकांनी केले. त्यांना असे आढळले की, साध्या घरात खिडक्यादारांतून होणाऱ्या वायुविजनाने जेवढी शुद्धी आपोआप होते तेवढी रोपांकडून व्हावयाची, तर जमिनीच्या दर चौरस मीटरमागे दहापासून हजारापर्यंत रोपे ठेवावी लागतील. घराची ही कथा, तर दोन्ही बाजूंनी उघड्या असलेल्या फलाटाविषयी बोलावयासच नको.

प्राणवायूचा हिशेब तर सहावी-सातवीच्या वर्गात फळ्यावर मांडता येण्याजोगा आहे. स्वस्थ बसलेल्या प्रौढ मनुष्यास ताशी सुमारे १५ लिटर प्राणवायू लागतो. चांगल्या सूर्यप्रकाशात एक चौरस मीटर पर्णपृष्ठ ताशी साधारण एक लिटर प्राणवायू बाहेर टाकते. मध्यम आकाराच्या कुंडीतील रोपाचे एकूण पर्णक्षेत्र पाव ते अर्धा चौरस मीटर धरले, तर बाकावर बसलेल्या एका प्रवाशासाठी भर उन्हात ठेवलेल्या तीस ते साठ कुंड्या लागतील. छपराखालच्या अंधूक प्रकाशात हेच रोप दहावा हिस्साही प्राणवायू देत नाही, आणि रात्री तर ते आपल्यासारखेच प्राणवायू घेते. मुलांना पानांचे क्षेत्रफळ चौकटीच्या कागदावर मोजावयास लावून हा हिशेब करवून घेतल्यास गणित व विज्ञान या दोहोंचा पाठ एकत्र साधतो. यातून मुलांचा झाडांवरील विश्वास उडेल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. खोट्या कारणासाठी लावलेले झाड खोटे उघडकीस आले की टाकून दिले जाते. खऱ्या कारणासाठी लावलेल्या झाडास तो धोका नसतो.

खरी कारणे कोणती? पहिले सावली. वैशाखात निफाडच्या फलाटावरील दगडी बाकाला दुपारी हात लावून पाहावा आणि मग कडुनिंबाखालच्या बाकाला लावावा. वर्गातील तापमापक नेल्यास अंकही मिळतील. पानांतून बाष्प बाहेर पडते त्यामुळे झाडाखालची हवाही किंचित थंड राहते. दुसरे कारण धूळ. गाडी वेगाने गेली की खडीतील धूळ व ब्रेकमुळे झिजलेल्या लोखंडाची बारीक पूड उडते. ती रुंद व खरखरीत पानांवर काही अंशी बसते. पांढऱ्या ओल्या फडक्याने पान पुसून दाखविल्यास मुलांना हे प्रत्यक्ष पटते. पाने अधूनमधून धुवावी लागतात याचेही कारण हेच. धुळीने माखलेले पान आपले अन्न नीट तयार करू शकत नाही. तिसरे कारण डोळ्यांचे सुख. ते मोजता येत नाही, म्हणून क्षुल्लक मानू नये. जेथे कुंडी असते तेथे लोक थुंकत नाहीत, असेही सांगितले जाते. ते तितकेसे खरे नाही. कित्येक ठिकाणी कुंडीच थुंकदाणी होते आणि चुना-तंबाखूने रोप जळते. रेल्वेच्या २०१२ च्या नियमांनुसार स्थानकावर घाण करणाऱ्यास पाचशे रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण कुंडीजवळ दंडाच्या पाटीपेक्षा ओळखीच्या गावातील मुलाच्या हातचे ‘हे झाड चौथीच्या वर्गाचे आहे’ असे लिहिलेले पत्र्याचे पान अधिक उपयोगी पडण्याचा संभव आहे.

आता मूळ प्रश्न, पाण्याचा. कल्पना करावी की, एका लहान स्थानकावर शाळेने जुलैमध्ये चाळीस कुंड्या मांडल्या. पावसाळ्यात त्यांना पाहावे लागत नाही. हिवाळ्यात एक दिवसाआड पाणी पुरते. फाल्गुनापासून रोज पाणी लागते आणि एप्रिलच्या मध्यापासून मध्यम कुंडीस दिवसाकाठी सुमारे पाच लिटर धरावे लागते. चाळीस कुंड्यांस दोनशे लिटर झाले. पंधरा लिटरच्या बादलीने तेरा-चौदा खेपा होतात, आणि नळ फलाटाच्या दुसऱ्या टोकास असल्यास हे काम तासाभराचे होते. याच वेळी शाळेचे वर्ष संपते. मे महिन्याच्या आरंभापासून जूनच्या मध्यापर्यंत सुट्टी असते, मुले आजोळी जातात, शिक्षकही गावी जातात. ज्या सहा आठवड्यांत रोपास माणसाची गरज सर्वाधिक, नेमक्या त्याच सहा आठवड्यांत त्याचा पालक अनुपस्थित असतो. शाळांनी लावलेली रोपे का मरतात, याचे एवढे सरळ उत्तर असताना दोष मुलांच्या आस्थेला दिला जातो, हे न्याय्य नव्हे. कन्हैयालाल मुन्शी यांनी १९५० मध्ये वनमहोत्सव सुरू केला तेव्हापासून रोप लावण्याचा सप्ताह ठरलेला आहे. रोप जगविण्याचा सप्ताह कोणीही ठरविलेला नाही, आणि ठरविला असता तर तो मे महिन्यात आला असता.

नाशिकमध्येच याचे एक शिकण्याजोगे उदाहरण आहे. सातपूरजवळील फाशीच्या डोंगरावर ५ जून २०१५ रोजी ‘आपलं पर्यावरण’ या संस्थेच्या पुढाकाराने हजारो नागरिकांनी एका दिवसात दहा हजारांहून अधिक देशी रोपे लावली. ती जागा आज ‘नाशिक देवराई’ या नावाने ओळखली जाते. एका दिवसाची गर्दी हे त्या कामाचे वैशिष्ट्य मानले जाते, परंतु शिक्षकांनी पाहावे ते त्यानंतरचे: उन्हाळ्यातील पाणी, गवताचा बंदोबस्त, वणव्यापासून राखण. जंगलातील रोपास पहिली दोन-तीन वर्षे जगविले की त्याची मुळे खोल जातात व ते स्वतःचे पाहू लागते. कुंडीतील रोपास ती मुभा कधीच मिळत नाही. त्याची मुळे मातीच्या एका पाटीत कायमची कोंडलेली असतात. ते दहा वर्षांचे झाले तरी पाण्याविना दहा दिवस काढू शकत नाही. यास्तव स्थानकाच्या आवारात जेथे जमीन उघडी आहे तेथे कुंडीऐवजी जमिनीतच झाड लावणे हे केव्हाही श्रेयस्कर. कुंड्या थोड्या, मोठ्या व जवळजवळ असाव्यात. चाळीसांऐवजी बारा असल्या तरी चालेल.

पाणी वाचविण्याच्या युक्त्या या जिल्ह्यातील शेतकऱ्यास कोणी शिकवावयास नको. निफाड व दिंडोरी तालुक्यांत द्राक्षबागेतून काढून टाकलेल्या ठिबकच्या नळ्या कोणाच्याही बांधावर पडलेल्या असतात. ताशी चार लिटरची तोटी, दोनशे लिटरचे पिंप आणि दहा-बारा मीटर नळी एवढ्यावर बारा कुंड्यांची सोय होते. पिंप फलाटापासून दीड-दोन मीटर उंच ठेवले की पाणी आपोआप उतरते. दाब कमी असल्याने तोटी पूर्ण चार लिटर देणार नाही, तेव्हा भांडे लावून किती मिळते ते आधी मोजून घ्यावे. जमिनीतील रोपाजवळ बिनझिलईचे मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून त्यात पाणी भरून ठेवणे ही जुनी रीतही उत्तम आहे. मडके झिरपते व मूळ तेवढेच पाणी घेते. कुंडीच्या तोंडाशी उसाचे पाचट, वाळलेला पाला किंवा द्राक्षाच्या छाटणीतील बारीक काड्या दोन-तीन बोटे जाड पसरल्यास बाष्पीभवन बरेच घटते. कुंडीत केवळ काळी माती भरू नये. निफाडकडील भारी काळी जमीन ओली असता चिकटते व वाळली की भेगाळते, पाणी कडेने निघून जाते आणि मूळ कोरडेच राहते. तांबडी माती, चांगले कुजलेले शेणखत व थोडी वाळू यांचे मिश्रण हवे. कुंडीखालच्या बशीत पाणी साचू देऊ नये. डेंग्यूचा प्रसार करणारा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि फुलांसाठी गावात ताप आणणे परवडणारे नाही.

झाडांची निवड करताना शोभेपेक्षा चिवटपणा पाहावा. कोरफड, कर्दळ, सदाफुली, तगर, जास्वंद, अडुळसा, मेंदी, बोगनवेल ही गावात फुकट मिळणारी आणि दुर्लक्ष सोसणारी मंडळी आहेत. कर्दळीचे कंद, कोरफडीची पिल्ले, पेन्सिलीएवढ्या जाड बोगनवेलीच्या फांद्या हे सारे पावसाळ्याच्या आरंभी शाळेच्या आवारातच वाढविता येते; रोपवाटिकेतून महागडी विदेशी झाडे आणून वैशाखात ती वाळताना पाहण्यापेक्षा हे बरे. आवारात जागा असल्यास कडुनिंब, करंज, बकुळ यांची सावली पुढील पिढीस मिळते. पिंपळ व वड भिंती आणि फलाटाच्या बांधकामाजवळ लावू नयेत. त्यांची मुळे दगडी चिरेही दूर सारतात; हे वृक्ष मोकळ्या जागेचे धनी आहेत.

कण्हेरीविषयी स्वतंत्रपणे सांगणे प्राप्त आहे. ती उन्हास दाद देत नाही, शेळ्या-गुरे तिला तोंड लावत नाहीत, बारा महिने फुलते. म्हणून महामार्गांच्या दुभाजकांवर व स्थानकांच्या कुंपणाशी ती सर्वत्र दिसते. परंतु तिचे पान, फूल, फांदी, बी हे सर्व विषारी असून हृदयाच्या क्रियेवर परिणाम करते. पिवळ्या कण्हेरीचे, म्हणजे बिट्टीचे, फळ तर मुले खेळावयास घेतात. जेथे लहान मुले थांबतात तेथे ही दोन्ही झाडे नकोत, आणि आधीपासून असल्यास मुलांना ती नावानिशी ओळखता आली पाहिजेत.

यापुढील भाग अधिक गंभीर आहे. रेल्वेची हद्द ही शाळेचे मैदान नव्हे. विनापरवाना प्रवेश करणे हा १९८९ च्या रेल्वे अधिनियमाच्या १४७ व्या कलमान्वये अपराध आहे, आणि त्यापेक्षाही महत्त्वाचे म्हणजे ते जिवावरचे असते. या उपक्रमाची पहिली पायरी म्हणजे स्टेशनमास्तरांना लेखी अर्ज देणे. नाशिकरोड व त्यापुढील मनमाडकडील स्थानके मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात मोडतात आणि अंतिम संमती विभागीय कार्यालयाची लागते. तोंडी होकारावर काम सुरू करू नये. अधिकारी बदलतात आणि नव्या अधिकाऱ्यास कुंड्या कोणाच्या हे ठाऊक नसते. रुळांवरील तारांमध्ये २५,००० व्होल्टचा प्रवाह असतो. तारेस स्पर्शच व्हावा लागतो असे नाही. ओली फांदी, लांब बांबू किंवा लोखंडी शिडी तिच्या अगदी जवळ गेली तरी प्रवाह उडी घेतो. म्हणून तारांखाली अथवा लगत उंच वाढणारे झाड लावू नये, आणि वाढलेल्या फांद्या छाटण्याचे काम रेल्वेच्याच माणसांवर सोपवावे. पाण्याची नळी वर धरून फवारा मारण्याचा मोह मुलांना हमखास होतो. तेव्हा स्थानकावर झारी द्यावी, नळी देऊ नये. कुंडी फलाटाच्या कडेपासून, पिवळ्या पट्ट्यापासून, सामानाच्या ढकलगाडीच्या वाटेपासून आणि पाणपोईपासून दूर हवी. अंध प्रवासी पायाखालच्या खडबडीत फरशीचा मागोवा घेत चालतात. त्या पट्ट्यावर ठेवलेली कुंडी म्हणजे शोभा नव्हे, अडथळा होय. सिग्नल व गाडीचा चालक यांच्या दृष्टीआड काहीही येता कामा नये.

मुलांनी फलाटावर काम करावे काय, यावर शिक्षकांत मतभेद संभवतो. ज्या स्थानकावरून न थांबणाऱ्या जलद गाड्या धावतात, तेथे प्राथमिक शाळेच्या मुलांना पाणी घालावयास नेऊ नये, हेच योग्य. रोपे शाळेत वाढवावीत, पाट्या शाळेत रंगवाव्यात, खत शाळेत करावे. फलाटावरील काम गावातील प्रौढांनी करावे. मुलांची भेट वर्षातून दोनदा, पालकांसह आणि ठरलेल्या वेळी झाली तरी त्यांचा हक्क अबाधित राहतो. स्थानकाबाहेरील प्रांगणात, रिक्षातळाजवळ किंवा तिकीटघराच्या मागील भिंतीशी जागा मिळाल्यास धोका पुष्कळच कमी होतो, आणि आश्चर्य असे की प्रवाशाचे पहिले लक्ष जाते तेही तेथेच.

ज्या शाळांजवळ स्थानक नाही त्यांनीही हताश होण्याचे कारण नाही. गंगापूर रस्त्यावरील मुलांचे स्थानक म्हणजे बसथांबाच. तेथे उच्च दाबाची तार नाही, जलद गाडी नाही. आहे ती फक्त उन्हात उभी असलेली माणसे. रस्त्यांच्या रुंदीकरणात झाडे तोडावीत की राखावीत हा वाद याच शहरातून मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. जुने झाड वाचविण्यासाठी न्यायालय लागते आणि नवे झाड वाढविण्यासाठी तीन उन्हाळे लागतात, हे येथील नागरिकांस अनुभवाने ठाऊक आहे. थांब्यामागे महानगरपालिकेच्या संमतीने लावलेला एक करंज, त्याभोवती काट्यांचे कुंपण आणि समोरच्या दुकानदाराने रोज ओतलेली एक बादली, एवढा उपक्रमही पुरेसा आहे.

शेवटी नोंदवहीविषयी. उपक्रम हाती घेणाऱ्या शाळेने वृक्षारोपणाच्या दिवशीच एक साधी वही घालावी. तीत रोपाचा क्रमांक, नाव, लावल्याची तारीख हे रकाने असतातच. त्यांपुढे मे महिन्याचे एकतीस रकाने आधीच आखून ठेवावेत आणि प्रत्येक तारखेपुढे पाणी घालणाऱ्याचे नाव जुलैमध्येच लिहून घ्यावे. मुले नव्हे, तर गावात राहणारे कोणी: चहाचा गाडा चालविणारा, सेवानिवृत्त गँगमन, शाळेजवळील घरातील आजी, भजनी मंडळातील दोघे. जूनच्या आरंभीच्या दिवसांसाठीही असेच दोन आठवड्यांचे रकाने लागतील, कारण नाशिककडे पाऊस कधी कधी उशिरा येतो. एकतीस नावे मिळाली नाहीत, तर जितकी मिळाली तितक्याच दिवसांना पुरतील एवढ्या कुंड्या मांडाव्यात. पंधरा नावे असतील तर एक दिवसाआड पाण्यावर राहणारी कोरफड व बोगनवेल लावावी, जास्वंद लावू नये. नावे मुळीच मिळाली नाहीत तर त्या वर्षी रोपे शाळेच्या विहिरीजवळच ठेवावीत आणि पुढील जुलैमध्ये पुन्हा विचारावे. शाळा उघडल्यावर पहिल्या दिवशी मुलांनी वही घेऊन प्रत्येक क्रमांकापुढे ‘जिवंत’ किंवा ‘गेले’ असे लिहावे, आणि गेलेल्यांपुढे कोणत्या तारखेचा रकाना रिकामा होता तेही पाहावे.